पाच व्होल्टांच्या बसवर कोणी कधी बोलायचं?

आयबीएमने 1981 साली पीसी आणला, त्यातल्या विस्तार-बसला पुढे आयएसए हे नाव पडलं. ही बस 5 व्होल्टांची. तिच्यासाठी आज नवं साउंड कार्ड करायचं तर रास्पबेरी पाय पिको स्वस्त पडतो, पण त्यावरची आरपी2040 चिप 3.3 व्होल्टांची.

चिपकडून बसकडे जाणं सोपं आहे. टीटीएल इनपुट 2 व्होल्टांच्या वरचं सगळं ‘एक’च धरतं. उलट दिशेने मात्र पिनवर 3.8 व्होल्टांपेक्षा जास्त आलेलं चालत नाही. जुन्या मदरबोर्डाच्या डेटा लाइनला प्रोब लावला, की स्कोपवर ‘एक’ बहुधा साडेतीनच्या आसपास दिसतो, कारण तिला 74एलएस245सारखी टीटीएल चिप चालवत असते. तेवढ्यावर विसंबून थेट जोडणी करणं मला पटत नाही. दुसऱ्या बोर्डावर सीमॉस चिपसेट असला, तर तीच लाइन सरळ 5 ला जाऊन टेकते. मध्ये 74एलव्हीसी245 ही बफर चिप घालावी. पुरवठा 3.3 चा असूनही ती इनपुटवर 5 व्होल्ट बिनदिक्कत घेते.

व्होल्टेजचा प्रश्न इथे मिटतो, खरी कसोटी दिशेची. दिशा आपोआप ओळखणारा टीएक्सबी0108 इथे नको. त्याला 50 किलोओहमांहून मोठेच पुलअप चालतात, आणि बसवरचे पुलअप सहसा त्याहून कितीतरी लहान असतात. दिशा आपणच द्यावी. वाचनाचा आयओआर संकेत खाली, डीएमएचा एईएन संकेत खाली आणि पत्ता आपला, हे तिन्ही जुळलं तरच कार्डाने डेटा बसवर ठेवायचा; आयओआर वर जाताच लगेच सोडायचा. सोडायला उशीर झाला तर दोन चिपा एकाच तारेवर भांडतात. स्कोपवर मधेच अडकलेली पायरी दिसते, धड शून्य नाही की धड एक नाही.

सगळ्यात फसवी वेळ पीसी चालू होतानाची. पिकोचा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच बस जागी झालेली असते. आरपी2040च्या पिनांना रीसेटनंतर आतून पुलडाउन लागलेला असतो, साधारण 50 ते 80 किलोओहमांचा. आणि त्यांतल्याच एकीला जोडलेली बफरची ओई पिन खाली गेली की बफर उघडतो! म्हणून ओईला बाहेरून 3.3 कडे 10 किलोओहमांचा रेझिस्टर हवाच. आतला पुलडाउन 50 चा धरला तरी पिनवर 2.75 व्होल्ट राहतात, आणि प्रोग्राम ताबा घेईपर्यंत बफर बंद राहतो.