शिरगणती आणि अरण्य (लेखांक सातवा)

लोकसंख्या भूमितिश्रेणीने वाढते आणि अन्न गणितश्रेणीने, हा माल्थसने १७९८ साली मांडलेला हिशेब मागील लेखांकात आपण पाहिला. तो शाळकरी पोरालाही पटण्याइतका सोपा असल्यामुळेच की काय, जेथे रान उघडे पडले तेथे माणसे फार झाली असावीत, असे अनुमान काढून आपण मोकळे होतो. ते चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्याच्या अमलाखाली होता. २०११ च्या शिरगणतीत गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे भरली, चंद्रपुरात १९३ आणि अवघ्या राज्यात सरासरी ३६५. आधीच्या दहा वर्षांत राज्याची वस्ती सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, गडचिरोलीची साडेदहांच्या आसपास आणि चंद्रपूरची तर साडेसहांच्याही आत. असे असून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचे नाव अगदी वरच्या ओळींत होते! कारण उघड आहे. कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक विद्युत केंद्र, सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांचा माल ज्या दूरदूरच्या शहरांत खपतो, तेथील माणसे चंद्रपूरच्या तक्त्यात मोजली जात नाहीत. राख मात्र चंद्रपुरातच राहते.

माणसांच्या संख्येचा भार मुळीच नसतो, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा दुराग्रह होईल. वाटण्या होत होत शेत पोटाला पुरेनासे झाले की जंगलाच्या कडेला जबरानजोत, म्हणजे वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेली शेती, वाढते. आणि मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या ब्रह्मपुरीकडच्या बाईला वाघाशी गाठ पडण्याचे भय आकडेवारीवाचूनच ठाऊक असते. परंतु तेवढीच माणसे एके ठिकाणी रान राखतात आणि दुसरीकडे ते उजाड होते, याचा उलगडा संख्येने होत नाही. तो हक्काच्या कागदात शोधावा लागतो.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे शंभराच्या आतबाहेर घरांचे गोंडांचे गाव. जमीनदारी गेली, वन सरकारजमा झाले, पिढ्यान्‌पिढ्यांचा निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते रानातून घेण्याचा हक्क, मेहेरबानीची बाब ठरला आणि बांबू कराराने कागद गिरणीकडे जाऊ लागला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने ग्रामसभेने सर्वसहमतीचा दंडक घालून रानाची राखण आपल्याकडे घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर तिचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन दिले तेव्हा. एका परवान्यासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागावा, यातच आपल्या वनकारभाराची प्रकृती कळते.

पुढे गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. त्याच जिल्ह्यातील विरळ वस्तीच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरावर, ३४८ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा मात्र २००७ सालीच एका कंपनीच्या नावे झाला होता. त्या पट्ट्याची हकीकत पुढील लेखांकी.