जाड अक्षराचे पोट

माझी आई चाळिशीत वाचायला शिकली. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि पुढे दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीतही रात्रीचा वर्ग भरू लागला. आईच्या हाती पाटी-लेखणी आली. मग काय, खामगावच्या बाजारात गेलो की तिचा एकच उद्योग. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या. आम्हा मुलांना मेल्याहून मेल्यासारखे होई. तिचा चेहरा मात्र कपाशीला चांगला भाव मिळाल्यासारखा फुललेला असे.

एके दिवशी एका नव्या दुकानावर लालभडक, गलेलठ्ठ अक्षरे झळकली. आईने मान वर केली आणि खणखणीत आवाजात वाचले, "येथे मांडी मिळतील."

समोरची माणसे फसकन हसली. मीही हसलो. पाटीवर 'भांडी' होते. आई काही बोलली नाही. पण घरी येईपर्यंत तिने एकही पाटी वाचली नाही, आणि पुढे कित्येक महिने वाचली नाही.

आमच्या गल्लीत एक पेंटरकाका राहत. त्यांना मी ही हकिगत गंमत म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. खडूने जमिनीवर त्यांनी एक जाडजूड 'भ' काढला आणि म्हणाले, "हे पाह्य, 'भ'च्या डोक्यावरची रेघ डावीकडं तुटते. तिथं उजेड ठेवावं लागते. तो बुजवला का झाला 'म'. तुह्या मायनं बरोबर वाचलं रे बावा. चुकला तो रंगवणारा. अक्षर जाड करावं, पण त्याचं पोट बुजवू नाही."

अक्षराचे पोट म्हणजे त्याच्या आतली पांढरी जागा. आपल्या देवनागरीत ती राखणे मोठे कठीण. वर शिरोरेषा, तिच्याही वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. एवढ्या भाडेकरूंना जागा दिल्यावर मधल्या अक्षराच्या वाट्याला उंची ती किती येणार? रेघ जाड केली की ती बाहेर पसरण्याऐवजी आतली जागा खाऊ लागते. आणि आपली कितीतरी अक्षरे एका फटीने किंवा एका रेघेने वेगळी होतात. 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प'. ती फट बुजली की बाजाराचा 'वाजार' व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जाणता कारागीर सगळ्या रेघा सारख्या फुगवत नाही. शिरोरेषा थोडी बारीक ठेवतो, दोन रेघा मिळतात तिथे त्यांना निमुळते करतो, गाठीत सुरीच्या पात्याएवढी का होईना, फट राखतो.

ही धडपड जुनी आहे. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या सुबक शिशाच्या टाइपाने मराठी पुस्तकांना रूप दिले. पण जाहिरातीची मोठाली अक्षरे शिशात फार जड होत, म्हणून छापखाने ती लाकडात कोरलेली वापरत. पुढे 2020 साली निवर्तलेल्या कमल शेडगे यांनी शेकडो मराठी नाटकांची नावे हाताने रेखाटली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटक हसरे की गंभीर, हे कळत असे.

आता हे काम संगणकावर होते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेतील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी 'मोदक' नावाचा टाइप घडवला. तो 2015च्या सुमारास सर्वांना मोफत वापरायला मिळू लागला. नावाप्रमाणेच गुबगुबीत! त्याची पोटे केसासारख्या फटींनी दाखवलेली, तरी अक्षर ओळखू येते. त्याच संस्थेचा 'बालू' हा गोलसर टाइप नऊ भारतीय लिपींत आणि रोमनमध्ये आहे. गुजरातीत तो 'बालू भाई', गुरुमुखीत 'बालू पाजी', बंगालीत 'बालू दा'!

मात्र असा टाइप मिरचीच्या ठेच्यासारखा, पानात डावीकडेच शोभतो. दुकानाचे नाव, मथळा, धोक्याची सूचना, लांबून वाचायचे दोन-चार शब्द, एवढेच त्याचे काम. अख्खा मजकूर त्यात छापला तर डोळे थकतात. फ्लेक्सवर अक्षरे आडवी-उभी ताणली किंवा टाइपात मुळात नसलेला जाडपणा संगणकाचे बटण दाबून आणला, तर पोट हमखास बुजते.

गेल्या वर्षी गल्लीतल्या भंडाऱ्याचा फलक माझ्या मुलीने संगणकावर तयार केला, 'मोदक' टाइपात. आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. फलकापुढे उभी राहून तिने एका दमात वाचले, "भंडारा." तेव्हा कुठे मी तिला पेंटरकाकांचे बोलणे सांगितले. इतकी वर्षे ते मी माझ्याजवळच ठेवले होते. आधी लाज वाटली म्हणून, मग राहून गेले म्हणून.

आई फलकाकडे पाहतच म्हणाली, "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"