सच्छिद्र सिलिकॉन : औषध कुठवर आले, श्रेय कुणाचे?

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांत इंडक्शन भट्टीला आतून अस्तर असते ते रॅमिंग मासचे. ही गारगोटीची भुकटी. साच्याभोवती ती ठोकून बसवायची, तापवून घट्ट करायची आणि काही हीट (वितळीच्या खेपा) निघाल्या की झिजलेले अस्तर फोडून नवे भरायचे. फोडताना जी धूळ उडते ती सिलिकेची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाची. त्यामुळे ‘सिलिकॉनच्या कणांतून औषध’ अशी बातमी वाचल्यावर भट्टीवर काम केलेल्या माणसाला आधी स्वतःच्या छातीची आठवण झाली, तर त्यात नवल नाही.

ही भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या पदार्थाला चिकटली आहे. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो तो स्फटिकरूप सिलिकेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली. अस्फटिक सिलिका मात्र तिसऱ्या गटात राहिली, कारण तिच्यावर तसा ठपका ठेवण्याइतका पुरावा नव्हता. हीच अस्फटिक सिलिका ‘कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड’ या नावाने कितीतरी गोळ्यांत आधीपासून असते. गोळी बनवताना भुकटी मोकळी वाहावी म्हणून ती घालतात. पदार्थाचे रूप कोणते आणि तो शरीरात कुठल्या वाटेने जातो, यावर सगळे अवलंबून आहे. भट्टीवर तोंडाला मास्क हवाच. त्यात कुठलीही सूट नाही.

सच्छिद्र सिलिकॉन ही याहून वेगळी वस्तू. संगणकाच्या चिपसाठी वापरतात तशी शुद्ध सिलिकॉनची चकती हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवून तिच्यातून वीज सोडतात. पृष्ठभाग कोरला जातो आणि आत उभी, अतिसूक्ष्म छिद्रे तयार होतात. वीज किती सोडली, आम्ल किती तीव्र आहे, चकतीत कोणते मिश्रण आहे, त्यावर छिद्रांचा आकार ठरतो. दोन नॅनोमीटरपासून शेकडो नॅनोमीटरपर्यंत तो हवा तसा ठेवता येतो. हे आम्ल मात्र कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते, म्हणून हे काम घरगुती प्रयोगाचे मुळीच नाही.

बेकिंगचे साचे, खिडक्यांच्या फटी बुजवणारे सीलंट, प्लास्टिक सर्जरीतले इम्प्लांट यांतला रबरासारखा पदार्थही मराठी वर्तमानपत्रांत ‘सिलिकॉन’च म्हणून छापला जातो. तो एक पॉलिमर आहे आणि शरीरात तसाच पडून राहतो. सच्छिद्र सिलिकॉन विरघळते. त्यातून ऑर्थोसिलिसिक आम्ल तयार होते, तेच आम्ल पाण्यातून आणि धान्यातून रोज थोडे थोडे आपल्या पोटात जाते, आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. इंग्लंडच्या माल्व्हर्नमधल्या ली कॅनहॅम यांनी १९९५ मध्ये शरीरद्रवासारख्या द्रावणात हे पदार्थ तपासले. सच्छिद्रता बदलली की वागणूक बदलते, हे त्यातून दिसले: काही नमुन्यांवर हाडातल्यासारखा खनिजाचा थर चढला, तर फार सच्छिद्र नमुने चक्क विरघळून गेले. चिपचा पदार्थ शरीरात जिरू शकतो, ही कल्पना तिथून रुजली.

छिद्रांचा उपयोग काय, हे शेतकऱ्याच्या मापात सांगणे सोपे आहे. सिलिकेचाच एक सच्छिद्र भाऊबंद आहे, एमसीएम-४१. त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर सुमारे हजार चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. चिमूटभर भुकटीत एवढी जागा असल्यामुळे औषधाचे रेणू आत साठवता येतात आणि ते सावकाश बाहेर येतात. माद्रिदच्या मारिया व्हायेत-रेगी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच पदार्थात आयबुप्रोफेन भरून दाखवले.

बायोसेन्सर म्हटले की लोकांना परदेशातली महागडी प्रयोगशाळा आठवते. खरे तर मधुमेही माणूस बोटाला टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतो, ती पट्टी बायोसेन्सरच आहे. सच्छिद्र सिलिकॉनचा सेन्सर रंगावर चालतो. पातळ थरावरून आणि थराच्या तळावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि विशिष्ट रंग उमटतो. छिद्रांत एखादे प्रथिन अडकले की प्रकाशाची वाट बदलते आणि रंग सरकतो. कॅलिफोर्नियातल्या मायकेल सेलर, रझा घादिरी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा सेन्सर मांडला. अडचण लगेच पुढे आली. जे विरघळणे औषधाला वरदान, तेच सेन्सरला शाप: मोजमाप चालू असतानाच पृष्ठभाग गंजू लागतो. म्हणून थराला आधी ऑक्सिडेशनने किंवा सेंद्रिय आवरणाने पक्के करावे लागते. या विषयातले कितीतरी कष्ट याच एका कामावर खर्ची पडले आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज ‘नॅनो कण थेट गाठीवर जाऊन बसतो’ हा. कर्करोगाच्या रुग्णाचे कुटुंब असे वाक्य वाचते आणि आशेने जमीन विकायला निघते, म्हणून इथे आकडा स्पष्ट सांगायला हवा. नॅनोकणांवरच्या दहा वर्षांच्या प्रकाशित अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये आला. टोचलेल्या मात्रेपैकी प्राण्यांच्या गाठीपर्यंत पोचलेला मध्यक हिस्सा निघाला ०.७ टक्के. बाकीचे कण बहुतेक यकृत आणि प्लीहा अडवतात. २००९ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये सच्छिद्र सिलिकॉनचे चमकणारे कण उंदरांत सोडल्याचा अभ्यास आला, त्यातही ते तिथेच साठले, समाधानाची गोष्ट एवढी की काही आठवड्यांत ते विरघळून निघून गेले. म्हणजे सुरक्षिततेची चुणूक मिळाली, पण उंदरांत. माणसापर्यंत पोचलेले ठळक उदाहरण ऑन्कोसिलचे: सिलिकॉनच्या सूक्ष्म कणांत किरणोत्सारी फॉस्फरस-३२ ठेवून ते स्वादुपिंडाच्या गाठीत एंडोस्कोपीने टोचतात. त्याला २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. तिथेही कण गाठ शोधत जात नाहीत, डॉक्टर ते गाठीतच नेऊन सोडतात.

आता नावांचा प्रश्न. ‘सच्छिद्र सिलिकॉन हा नव्वदच्या दशकातला शोध’ असे सर्रास लिहिले जाते. कॅनहॅम यांनी १९९० मध्ये दाखवले ते हे, की हा पदार्थ खोलीच्या तापमानाला लाल प्रकाश देतो. पदार्थ त्याआधी ३४ वर्षे माहीत होता. १९५६ मध्ये बेल लॅब्जमध्ये सिलिकॉनला गुळगुळीत करण्याची विद्युत-रासायनिक पद्धत शोधताना पृष्ठभागावर एक नको असलेला रंगीत थर आला, तोच हा. त्याचे श्रेय इतिहास आर्थर आणि इंगेबोर्ग उहलिर या दोघांना देतो. त्या वर्षी छापलेल्या लेखावर नाव मात्र एकट्या आर्थर यांचे आहे. एमसीएम-४१ ची गोष्टही तशीच. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये तो जाहीर केला आणि जगभर नाव झाले. पुढे १९९७ मध्ये फ्रान्सच्या दी रेंझो यांच्या गटाने १९७१ चे एक अमेरिकी पेटंट पायरी पायरीने करून पाहिले, तर हाती तसाच पदार्थ आला.

लेखकनामांचा अभ्यास करणाऱ्यांना इथे भरपूर ऐवज आहे. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६३ मध्ये भाकीत केले होते की एकट्याने लिहिलेले शोधनिबंध १९८० पर्यंत जवळजवळ संपतील. १९९० चा कॅनहॅम यांचा निबंध एकट्याचाच. १९९७ च्या सेन्सरवर पाच नावे, २००९ च्या उंदरांवरच्या निबंधावर सहा. नावे वाढली म्हणजे कुणीतरी फुकट घुसले, असा निष्कर्ष घाईचा ठरेल: चकती कोरणारा, रेणू जोडणारा, उंदीर हाताळणारा, प्रकाश मोजणारा ही वेगवेगळ्या हातांची कामे आहेत. पहिले नाव साहेबांचे, हाही गैरसमजच. या शाखेत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे. जेमी लिंक या विद्यार्थिनीच्या हातून एक सच्छिद्र चकती तुटली, तेव्हा तुकडेसुद्धा स्वतंत्र सेन्सर म्हणून चालतात हे तिने ओळखले. त्यातून निघालेल्या ‘स्मार्ट डस्ट’वरच्या २००३ च्या निबंधात लिंक पहिली आहे, सेलर दुसरे.

जालन्याला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यातच आहे. जिल्ह्यातली महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत, आणि अंबड-घनसावंगीच्या उसाच्या पट्ट्यात बगॅसच्या राखेतून सिलिका भरपूर मिळते.

इथल्या संशोधकाला धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी, निबंध छापण्यात. भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठांनी विद्यापीठ अनुदान आयोगाला सुचवलेल्या, नामांकित सूच्यांबाहेरच्या १००९ नियतकालिकांची तपासणी मांडली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. अशा नियतकालिकांत पैसे भरून नाव छापून मिळते, आणि कुठलाच जाणकार तो मजकूर वाचत नाही. त्याच वर्षी आयोगाने मान्य नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे दिले. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती निघाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. नियतकालिक पारखायचे काम आता महाविद्यालयांकडे आणि मार्गदर्शकांकडे आले आहे. जालन्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने राखेतून सिलिका काढून तिच्यात औषध भरले, तर तो निबंध कुठे पाठवायचा आणि त्यावर कुणाची नावे घालायची, हे ठरवताना तिच्यासमोर आता सरकारी यादी नसेल.