कोपीस कडबा कोठला?

मार्गशीर्षातील अमावास्या आली म्हणजे लातूर जिल्ह्यातील गावे दिवसापुरती ओस पडतात, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. दुकाने बंद, घरांस कुलपे, आणि लहानथोर सर्व शिवारात. धाराशिव जिल्ह्यात, नांदेडच्या लातुराकडील गावांत, तसेच सीमेपलीकडे बीदर व कलबुर्गीकडेही हा सण पाळतात. तिकडे त्यास एळ्ळ अमावास्या म्हणतात, आपण वेळ अमावास्या अथवा येळवस म्हणतो. आमचा अहमदपूर तालुका १९५६ सालापर्यंत बीदर जिल्ह्यात होता, पुढे उस्मानाबादेत गेला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा त्यात आला. तीन जिल्हे झाले, पण शेत जागचे हलले नाही व सणही चुकला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ही अमावास्या ३० तारखेस, सोमवारी आली. नाताळची सुटी जोडून आल्यामुळे पुण्याचे धाकटे बंधू सहकुटुंब आले, आमची लेक मुलांस घेऊन आली, आणि लहानमोठी सात मुले वाड्यात जमली. आम्ही भावंडे लहानपणी जी दोन ठिकाणे पाहत असू, म्हणजे वेळ अमावास्येचे शेत व माळेगावची यात्रा, तीच ह्या मुलांस त्याच क्रमाने दाखवावी, असे सर्वांनुमते ठरले.

आमच्या बाळपणी, म्हणजे १९७५ च्या सुमारास, ह्या दिवसाची तयारी चार दिवस आधीपासून चाले. आंबील घुसळून ठेवीत. अमावास्येच्या रात्री बायका निजत नसत. बाजरीच्या भाकरी, उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि मुख्य म्हणजे भज्जी, हे सर्व उजाडण्यापूर्वी तयार होई. गाडीत घोंगडी अंथरून आम्हां मुलांस बसवीत. आंबिलाचे मडके मात्र गाडीत ठेवीत नसत, ते डोक्यावरूनच जाई. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी केलेली असे. आत चुना व काव लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा झाली की वडील पिकांतून आंबील शिंपडीत फिरत, आणि मग परक्यासही आग्रहाने बसवून पंगत होई. सांजेस कडब्याची पेंढी पेटवून तिच्यामागे आम्ही पोरे धावत असू.

हे सर्व आम्ही मुलांस रंगवून सांगितले होते. परंतु सणाच्या दोन दिवस आधी थोरल्या बंधूंनी, जे शेती पाहतात, सहज विचारले, "कोपी करायची खरी, पण कडबा कुठनं आणायचा?"

ह्या प्रश्नाने आम्ही चपापलो. घरची नऊ एकर जमीन, पण खरिपात सर्व सोयाबीन व थोडी तूर, आणि रब्बीस हरभरा. ज्वारीचे ताट एकही नाही. सोयाबीनच्या काडाची कोपी होत नाही. तो भुसा आहे, तो उभा राहत नाही. अखेर शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याकडून पेंढ्या विकत आणल्या. ज्यांच्या दारात एके काळी कडब्याची गंज वर्षभर हलत नसे, त्यांनी देवापुरता कडबा पैसे मोजून आणला.

भज्जीचेही तेच झाले. भज्जी ही एका भाजीची होत नाही. तुरीचे व वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, मेथी, कांद्याची पात, गाजर, जे जे शिवारात असेल ते डाळीच्या पिठात व आंबटात शिजते. पूर्वी आमच्या आजी शेतात एक फेरी मारून ओटीत सर्व जिन्नस घेऊन येत. आमच्या नातीने यंदा ओटी धरली, तिच्यात तुरीच्या शेंगा व हरभऱ्याची डहाळी एवढेच पडले. बाकीचे अहमदपूरच्या बाजारातून पिशवीत आले. नात आठ वर्षांची आहे. तिने विचारले, "आजोबा, हा शेताचा सण आहे ना? मग सगळं दुकानातून का आणलं?"

आमचे आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेले, म्हणून उत्तर सुचले ते सातबाऱ्याचेच. सातबारा हा दोन नमुन्यांचा मेळ आहे. नमुना सात सांगतो की जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो की तिच्यात काय पिकले. नमुना बारात मिश्र पिकांसाठी निराळे रकाने आहेत. आमच्या हयातीत ते रकाने भरलेले आम्ही पाहिले आहेत : ज्वारीत तूर, ज्वारीत करडई, हरभऱ्यात करडई, कडेने जवस. नंतर ते रिकामे पडू लागले. २०२१ सालापासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करतो, तीत आमच्या घरची नोंद एका ओळीत संपते. भावाभावांत वाद होतात ते सर्व नमुना सातवरून. नमुना बारा रिकामा होत चालला त्याची तक्रार घेऊन आमच्या टेबलाशी कोणी आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ती सुचली नाही.

दुसरे दिवशी जीप करून सर्व मंडळी माळेगावास गेलो. हे गाव नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात, नांदेड–लातूर रस्त्यावर असून खंडोबाची यात्रा ह्याच सुमारास भरते. लहानपणी आम्ही रात्रभर गाडीत प्रवास करून तेथे पोहोचत असू. आता मुले डुलकी घेतात न घेतात तोच भंडारा उधळलेला माळ दिसू लागला. घोडे, गाढवे, उंट पाहून पुण्याची मुले हरखली. आम्ही त्यांस लाल कंधारी जनावरे दाखविली. कंधार, लोहा, मुखेड व आमचे अहमदपूर हेच ह्या तांबड्या वंशाचे घर. देवणी वंशाचे वानेरा, बालंक्या व शेवरा हे तीन प्रकारही सांगितले : तोंडाच्या बाजूंस काळा तो वानेरा, पांढरा स्वच्छ तो बालंक्या, अंगभर काळे ठिपके तो शेवरा. मुलांनी ते चटकन पाठ केले. इतक्यात बंधूंच्या नातवाने विचारले, "आपले बैल कोणते होते?"

थोरले बंधू म्हणाले, "लाल कंधारी." पुढे काही बोलले नाहीत. शेवटची जोडी त्यांनी २०११ साली विकली. त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे आम्हांस ठाऊक आहे.

परतताना जीपमध्ये आम्ही भावंडांनी हिशेब मांडला. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून शेणखत गेले, आणि आता खताची पिशवी, ट्रॅक्टरचे भाडे व दूध ही तिन्ही विकत. ह्यात दोष कोणास द्यावा? ज्वारीची काढणी, खुडणी व मळणी ह्यांस मजूर मिळत नाहीत, पाखरे व रानडुकरे पीक ठेवीत नाहीत. सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येते, यंत्राने मळते, आणि लातूरच्या अडतीवर त्याच दिवशी पट्टी मिळते. बंधूंनी जे केले ते हौसेने केले नाही. धाकटे म्हणाले, एकरी उत्पन्न काढले तर आजही ज्वारी मागे पडेल. ते खोटे नाही. परंतु त्या हिशेबात कडबा, खत व घरची भाकरी ह्यांची किंमत धरली नव्हती. ती धरल्यावर अंतर पुष्कळ कमी झाले, तरी नाहीसे झाले नाही, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

अखेर असे ठरले की, पुढील रब्बीस विहिरीजवळची एक एकर ज्वारीस द्यावी. मालदांडी अथवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती पेरावी. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ओल पाहून उरकावी. मध्ये करडईचे पाटे. करडई काटेरी असल्याने कडेस लावल्यास मोकाट जनावरांस आडकाठी होते. बांधालगत वाल, मेथी व कांदा. काढणीच्या मजुरीचा भार तिघा भावांनी सारखा उचलावा, एकट्या शेत पाहणाऱ्यावर टाकू नये. हे शेवटचे कलम धाकट्यांनी आपण होऊन घातले, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच. शहरी भावाने सणास येऊन जुन्या शेतीचे गोडवे गावे, आणि तोटा मात्र गावच्या भावाने सोसावा, ही रीत न्यायाची नव्हे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. सभा झाल्या, व्याख्याने झाली. आम्हां घरच्यांस मात्र ती गोष्ट विकतच्या पेंढ्यांनी उमजली. ज्या सभासद बंधूंकडे पाच एकरांहून अधिक जमीन आहे, त्यांनी एखादा तुकडा असा राखता येतो काय ह्याचा विचार करावा, एवढीच विनंती.

राहिले एक. अमावास्येच्या सांजेस शेतात पेंढी पेटवावयाची वेळ आली, तेव्हा नातीने एक पेंढी बाजूस काढून कोपीमागे लपविली होती. विचारता म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा विकत आणावी लागू नये म्हणून. आम्ही तिला सांगितले की पेंढी ठेव, पण पुढच्या वर्षी तिची गरज पडू नये असे आपण करू. आता शब्द दिला आहे. तो पाळणे आले.