‘मानवी’ प्रथिन, पण माणसातून काढलेलं नव्हे

संशोधनासाठीच्या कुपीवर ‘रिकॉम्बिनंट मानवी प्रथिन’ असं वाचलं, की ते कुणाच्या तरी रक्तातून काढलं असावं, असा समज सहज होतो. मानवी असतो तो जनुकातला मजकूर. तो अनेकदा ई. कोलाय या जीवाणूत घालून प्रथिन बनवून घेतात. १९८२ पासून मधुमेहींना मिळणारं मानवी इन्सुलिनही याच वाटेनं आलं.

अशा कुपीत मिळणारं एक प्रथिन म्हणजे प्रोटीन कायनेज ए या विकराचा (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा) नियामक उपघटक. हे विकर इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडतं. त्याच्या चार घटकांपैकी दोन काम करतात, दोन त्यांना आवरून धरतात. हे आवरणारे म्हणजे नियामक उपघटक. उतारावरच्या ट्रकच्या चाकाखाली लावलेल्या दगडासारखे: दगड गाडी चालवत नाही, पण तो काढल्याशिवाय ती हलतही नाही. पेशीत तो काढण्याचं काम सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) करतो.

म्हणूनच नुसता नियामक उपघटक मिसळून फॉस्फेट जोडलं जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो दुय्यमही नाही: पीआरकेएआर१ए या त्याच्या जनुकात बिघाड झाल्यास कार्नी कॉम्प्लेक्स हा गाठींचा दुर्मीळ आनुवंशिक विकार होऊ शकतो. कुपीतलं प्रथिन मात्र त्यावरचं औषध नव्हे, ते प्रयोगापुरतंच.