खुर्ची मिळाली, माप कोणी घेतले?

दर वर्षी २७ ऑक्टोबरला जागतिक व्यवसायोपचार दिन असतो. दिवाळीच्या सुटीतही वर्तमानपत्र चाळण्याची सवय ज्यांनी सोडली नसेल त्यांना या सुमारास छापली जाणारी साहित्यवाटपाची छायाचित्रे तोंडपाठ झाली असतील: मांडव, त्यामागे मान्यवरांच्या चेहऱ्यांनी भरलेला फलक, ओळीने उभ्या केलेल्या नव्याकोऱ्या तीनचाकी सायकली, प्लास्टिकचे वेष्टनही न काढलेल्या चाकांच्या खुर्च्या, आणि त्यांतल्या एकीवर बसवून कॅमेऱ्याकडे पाहण्यास सांगितलेला एक संकोचलेला लाभार्थी. आधी तपासणीचे शिबिर होते, नाही असे नाही. परंतु तेथे बहुधा दाखला पाहिला जातो, अपंगत्वाची टक्केवारी नोंदली जाते, आधार क्रमांक जुळवला जातो आणि यादीला मंजुरी मिळते. त्या माणसाच्या मांडीची लांबी, त्याच्या घराच्या दाराची रुंदी, न्हाणीच्या उंबऱ्याची उंची आणि त्याला मुळात जायचे कोठे आहे, या चार गोष्टी टिपून घेणारा इसम त्या छायाचित्रांत मला आजवर दिसलेला नाही. हा लेख त्या अनुपस्थित इसमाविषयी आहे.

त्याच्या विद्येचे पुष्कळसे नुकसान तिच्या नावानेच केले आहे. ‘व्यवसायोपचार’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, अपंगांना शिवणयंत्र किंवा पिठाची गिरणी देऊन पोटापाण्याला लावण्याची ही काही सरकारी योजना असावी. संस्कृतात ‘व्यवसाय’ म्हणजे प्रयत्न, निश्चय. गीतेतही तो शब्द निश्चयाच्याच अर्थाने येतो, आणि धंदा हा त्याचा अर्थ मागाहून रूढ झाला. या विद्येला अभिप्रेत असलेला व्यवसाय म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री ते मिटेपर्यंत माणूस ज्या ज्या कर्मांत गुंतलेला असतो ती सारी कर्मे: दात घासणे, लुगड्याच्या निऱ्या घालणे, भाकरी थापणे, शाळेचे दप्तर भरणे, देवाला फूल वाहणे, संध्याकाळी कट्ट्यावर पत्ते कुटणे. गुडघा किती अंशांनी वाकतो याची चिंता फिजिओथेरपिस्ट वाहतो. त्या गुडघ्याने तुम्हांला काय करायचे आहे, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो, आणि ते करण्याइतका गुडघा कधीच वाकणार नसेल तर घर, भांडे, पादत्राण यांनाच थोडे वाकवता येईल का हे पाहतो. २०२५ साली इटलीतल्या एका बड्या पेढीने कोल्हापुरी चप्पल आपल्या नावाने मिरवली म्हणून आपण सर्वांनी केवढा गदारोळ केला! परंतु अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या बधिर पायात तीच चप्पल, अंगठा असूनही, दोन पावलांत निसटते, आणि चांभाराकडून टाचेमागे एक पट्टा शिवून घेतला की ती टिकते, ही साधी गोष्ट किती घरांना ठाऊक आहे? तो पट्टा हेही सहाय्यक तंत्रज्ञानच होय.

ही विद्या आपल्याकडे आणणारी बाई आपलीच होती, हेही आपण विसरलो आहोत. अमेरिकेतल्या एका क्वेकर कुटुंबात १९०० साली जन्मलेली एलिझाबेथ लंडी १९३० साली हिंदुस्थानात आली, विष्णू निंबकरांची पत्नी कमला निंबकर झाली, आणि पुढे अमेरिकेत हे शास्त्र शिकून परतल्यावर १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिने आशियातील पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. दोनच वर्षांनी अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच १९५२ साली ज्या दहा देशांनी जागतिक महासंघ स्थापिला त्यांत हिंदुस्थानचे नाव होते. फलटणला त्यांच्या नावाचे कमला निंबकर बालभवन आहे. कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना वाट थोडी वाकडी केली तर ते लागते. पण या बाई कोण, असे विचारल्यास पाहुणे बहुधा कोणी शिक्षणतज्ज्ञ असतील असे उत्तर देतात.

आणि या शास्त्राच्या उगमापाशी एक अशी गोष्ट आहे की ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी ज्या मूठभर मंडळींनी या व्यवसायाची पहिली संस्था स्थापन केली, त्यांची सभा ज्याच्या घरी भरली तो जॉर्ज बार्टन डॉक्टर नव्हता. तो वास्तुविशारद होता, आणि त्याच्या स्वतःच्याच शरीराची डावी बाजू लुळी पडलेली होती. म्हणजे ज्याला साधन हवे त्यानेच शास्त्राचा पाया घातला होता. पुढे पदव्या आल्या, विद्यापीठे आली, आणि तो बिचारा ‘लाभार्थी’ झाला.

माझ्या आत्याबाईंची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्धांगवायूनंतर त्यांना कोठूनशी एक चाकांची खुर्ची मिळाली. घर पेठेतले, जुने. माजघराची चौकट बावीस इंचांची आणि खुर्ची सव्वीस इंचांची. जोते दोन फूट उंच. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे आमचा उतार चोवीस फुटांचा झाला असता आणि समोरच्यांच्या ओसरीत जाऊन थांबला असता. खुर्ची सोप्यावर राहिली. पहिल्या उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया वाळल्या, पुढे जुनी वर्तमानपत्रे आली. दोन वर्षांनी सुटीत आलेली, हेच शास्त्र शिकणारी एक मुलगी आत्यांच्या पलंगावर बसली आणि तिने विचारले, “आत्या, तुम्हांला कुठं जायचंय?” आत्या म्हणाल्या, “चुलीपाशी गं बाई, आणखी कुठं?” मुलीने घरातलीच एक लाकडी खुर्ची घेतली, सुताराकडून तिचे पाय चार बोटे कापवले, खाली ब्रेकची चार लहान चाके बसवून घेतली. ती अठरा इंचांची खुर्ची चौकटीतून सुतासारखी सरळ गेली. दोन वर्षे आमच्यापैकी एकालाही तो प्रश्न सुचला नव्हता, आणि आम्ही सर्व शिकलेले होतो.

हा केवळ आमच्या घराचा मूर्खपणा नव्हता, याला पुरावा आहे. फिलिप्स आणि झाओ या दोन संशोधकांनी १९९३ साली अमेरिकेतील २२७ प्रौढ अपंगांच्या साधनांचा जमाखर्च मांडला, तेव्हा मिळालेल्या साधनांपैकी २९.३ टक्के टाकून दिलेली आढळली. त्यांतही चालण्याफिरण्याची साधने अधिक. त्यांना चार कारणे सापडली. साधन निवडताना वापरणाऱ्याचे मत न घेणे, साधन नीट न चालणे आणि माणसाची गरज काळाबरोबर बदलणे, ही तीन कोणालाही सुचतील. चौथे मात्र वाचून मी थबकलो: साधन सहज मिळणे! फुकटचे वाईट, असा याचा अर्थ काढू नये. जी वस्तू कोणी न विचारता, न मोजता, एका दुपारी हातात ठेवतो, ती घेण्यापूर्वी घेणाऱ्यालाही विचार करण्याची सवड मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली चाकांच्या खुर्चीच्या वाटपासाठी आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत माप घेणे, बसवून पाहणे, वापर शिकवणे आणि दुरुस्ती या पायऱ्या आहेत. मांडव आणि फलक त्यांत नाहीत. त्याच संघटनेने युनिसेफबरोबर २०२२ साली काढलेल्या अहवालात जगातील अडीचशे कोटी लोकांना कोणते ना कोणते साधन लागते आणि जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही, असे म्हटले आहे. न मिळणाऱ्यांची ही मोजणी झाली. मिळून सोप्यावर पडून राहिलेल्या साधनांची खानेसुमारी आपल्या सरकारदरबारी कोणी करीत असेल असे दिसत नाही.

आता कोल्हापूरकराने अशा वेळी ज्यांचे नाव घ्यायचे त्यांचे घेतो. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. त्या निराशेच्या काळात त्यांना सावरले ते औषधाने नव्हे. बाबूकाका दिवाण नावाच्या, त्यांच्याचसारख्या व्याधीने खुर्चीला खिळलेल्या, तरीही उद्योग सांभाळणाऱ्या आणि हातांनी चालेल अशी करून घेतलेली मोटार स्वतः हाकणाऱ्या गृहस्थांच्या भेटीने. पुढे त्या शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीला लागल्या, आणि १९८४ साली सहकाऱ्यांसमवेत त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह, समर्थ विद्यामंदिर, सिंधुदुर्गातील काजूप्रक्रियेची ‘स्वप्ननगरी’ ही सारी तिचीच अपत्ये. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र व्यवसायोपचाराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या आधी, सक्तीने वाचायला लावावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण खुर्ची म्हणजे काय हे कारखान्याच्या माहितीपत्रकातून कळत नाही, तिच्यावर बसून कचेरी गाठणाऱ्या, पायऱ्यांपाशी अडणाऱ्या, स्वच्छतागृह सापडेना म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या माणसाकडून कळते. बाबूकाकांनी त्या मुलीला जे दिले ते साधन नव्हते. असे साधन असते आणि त्याच्या जोरावर असे जगता येते, ही बातमी होती. आज ज्याला समुदाय म्हणून मोठ्या गौरवाने संबोधले जाते तो दोन माणसांचा समुदाय होता, आणि त्याला विजेची तारही लागली नव्हती.

तरीही तारेचा तिरस्कार करणे मूर्खपणाचे ठरेल. जोहान्सबर्गच्या रिचर्ड व्हॅन आस या सुताराची उजव्या हाताची बोटे २०११ साली करवतीत गेली. विकत मिळणारी कृत्रिम बोटे त्याच्या आवाक्याबाहेरची होती. त्याने संगणकाच्या पडद्यावर अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन या कारागिराने हौसेने बनवलेला एक भलामोठा बाहुलीचा हात पाहिला आणि त्याला पत्र लिहिले. अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावरून त्या दोघांनी मिळून आधी सुताराला, मग जन्मतः बोटे नसलेल्या एका पाच वर्षांच्या पोराला हात करून दिला, आणि त्याचा आराखडा कोणीही वापरावा म्हणून मोकळा सोडला. रॉचेस्टरच्या जॉन शल नावाच्या प्राध्यापकाने २०१३ साली त्याभोवती ‘ई-नेबल’ नावाचे जाळे विणले, आणि घरी त्रिमिती छपाईयंत्र असलेली माणसे देशोदेशी मुलांसाठी हात छापू लागली. याच सुमारास व्यवसायोपचारकही इंटरनेटच्या जाळ्यावर जमू लागले होते; पहिला जागतिक दिन २०१० साली पाळला गेला तेव्हाच त्यांच्यातल्या काहींनी सलग चोवीस तास, सूर्य जसजसा एकेका देशावर उगवेल तसतशी, व्याख्याने घडवून आणली होती.

या उत्साहातही माझी शंका मी लपवू इच्छित नाही. छापलेल्या त्या रंगीत हाताची पकड हलकी असते. चेंडू उचलेल, पाण्याने भरलेली कळशी नाही. आणि मुले वाढतात, म्हणजे हात दर वर्षी नवा. आपल्याकडे मणक्याला दुखापत झालेल्यांचे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईबापांचे मोबाईलवरचे मराठी गट पुष्कळ आहेत, आणि गादी कोणती घ्यावी, दाबव्रण कसे टाळावेत, एस.टी.त चढताना कोणी कोठे धरावे, याविषयीचे तेथील ज्ञान मला अनेक प्रबंधांहून मोलाचे वाटते. परंतु त्याच गटात तिसऱ्या दिवशी तुटलेली मज्जारज्जू सांधणाऱ्या तेलाची जाहिरात येते, आणि तिला विरोध करणारा जाणकार तेथे नसतो. तो जाणकार म्हणजे व्यवसायोपचाराचा विद्यार्थी असावा. त्याने तेथे प्रश्नावली भरून घेण्यापुरते येऊ नये. मुक्कामाला यावे, ऐकावे, आणि लोकांच्या लेकरांची छायाचित्रे आपल्या सादरीकरणात परवानगीवाचून लावू नयेत.

माझे खरे स्वप्न मात्र अगदी स्थानिक आहे. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगर आहे. ऑईल इंजिनापासून ओतीव कामापर्यंत कागदावरचा आराखडा न पाहता यंत्र उघडून यंत्र बनवणाऱ्या मिस्त्रींची ही पेठ. स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून ती अपंगांना चालवण्याजोगी करणारे हात अशाच वर्कशॉपांतले असतात. जयपूरच्या ज्या कृत्रिम पायाने लाखोंना उभे केले तो डॉ. सेठींच्या इतकाच रामचंद्र शर्मा या कारागिराचा होता, आणि त्याचे सारे मर्म हे की तो पाय घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलात उतरता येते. तो कारागीर आपल्याकडे शेकड्यांनी आहे. दर महिन्याच्या एका शनिवारी उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, दोन मिस्त्री, एक चांभार, एक सुतार आणि ज्यांना साधन हवे ते स्वतः, एवढी मंडळी टेप घेऊन बसली, आणि जे बनले त्याची मापे व चित्रे मराठीतून सर्वांसाठी मोबाईलवर मोकळी ठेवली, तर कागलच्या आजीसाठी केलेली एका हाताने भाजी चिरायची खिळ्यांची फळी चंदगडच्या आजीलाही करून मिळेल. यास नवे फर्मान लागत नाही, नवे खातेही लागत नाही.

पैशाचा प्रश्न कोणी काढील म्हणून सांगतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा महाराष्ट्रात शासनाचा आदेशच आहे, आणि तुमची ग्रामपंचायत त्यास अपवाद नाही. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढेच विचारा, की या तरतुदीतून गेल्या वर्षी किती साधने वाटली, त्यांपैकी किती आज वापरात आहेत, आणि माप घेण्यासाठी व दुरुस्तीसाठी किती रुपये ठेवले होते. उत्तर लेखी मागा, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.