घरच्या घरी तसबिरी मढवण्याचा धंदा : भांडवल थोडे, हिशेब चोख हवा

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात पाऊल टाका. भिंतीवर निदान तीन तसबिरी दिसतील. एक भगवान बुद्धांची, एक बाबासाहेबांची आणि एक घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाची. त्याशिवाय मुलाचे प्रशस्तिपत्रक, मुलीच्या लग्नाचा फोटो, वडिलांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेले मानपत्र. हे सगळे कोणीतरी मढवून दिलेले असते आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा बाजारपेठेतल्या दुकानात गेलेले असतात. हे काम आपल्याच घरातल्या माणसांनी का करू नये, असा प्रश्न आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर हजारो घरांतली कायमची नोकरी गेली ती परत आलीच नाही. त्या घरांतली पुढची पिढी आज बहुतांशी कंत्राटावर राबते. कंत्राट संपले की चूल थंड. अशा घराला महिन्याकाठी थोडीफार का होईना, पण स्वतःच्या हातातली मिळकत हवी. मात्र हातची नोकरी सोडून या धंद्यात उडी घ्या, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. संध्याकाळचे दोन तास आणि सुट्टीचा दिवस एवढ्यावर सुरुवात करावी. वर्षभर वहीत नफा दिसला तरच पुढचा विचार करावा.

जागा आणि हत्यारे

दहा बाय बाराच्या खोलीतही हे काम होते. भिंतीला बिजागऱ्यांनी अडकवलेली तीन बाय चार फुटांची फळी पुरते. काम झाले की ती खाली सोडावी. फ्रेमच्या पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या की वाकतात, म्हणून त्या माळ्यावर आडव्या ठेवाव्यात. काच मात्र उभीच ठेवावी, आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

सुरुवातीला लागणारी हत्यारे अशी : पंचेचाळीस अंशात कापणारी हातकरवत तिच्या लोखंडी चौकटीसह (बाजारात तिला मायटर सॉ म्हणतात), काच कापायचा हिरा, गुण्या, मोजपट्टी, लहान हातोडी, बारीक चुका, कोपरे आवळून धरायचा शिकंजा, पॉलिश कागद आणि हातड्रिल. विजेवर चालणारे यंत्र आणि कोपऱ्यात पिन मारायचे यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये. काम वाढले तर कमाईतून घ्यावे, कर्जातून नको.

एमडीएफची पट्टी कापताना उडणारी भुकटी छातीला वाईट. तोंडाला मास्क बांधून ओट्यावर किंवा गच्चीवरच कापावी, स्वयंपाकाच्या जागेत कधीही नाही. काच कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काचेचे तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकावेत. ते उघड्या कचऱ्यात गेले तर उद्या सफाई करणाऱ्या आपल्याच भावाचा हात कापला जाईल.

मापाचे गणित

पट्टी किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. चित्राच्या चारही बाजूंची बेरीज करावी आणि तिच्यात पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवावी. समजा चित्र १२ बाय १८ इंचांचे आहे आणि पट्टी एक इंच रुंद आहे. बाजूंची बेरीज ६० इंच, त्यात ८ मिळवले की ६८ इंच. ८ बाय १० इंचांच्या फोटोला याच पट्टीचे ४४ इंच लागतात. दोन्ही मिळून ११२ इंच झाले. साडेनऊ फुटांची पट्टी म्हणजे ११४ इंच. म्हणजे एका पट्टीत ही दोन्ही कामे बसतात. एकच काम घेऊन पट्टी कापली तर ४६ इंचांचा तुकडा कोपऱ्यात पडून राहतो. नफा असा तुकड्यांत अडकतो. म्हणून चार-पाच कामे जमली की मगच कापायला बसावे.

कोपरा उघडा राहिला की नवखा माणूस करवतीला दोष देतो. खरे कारण बहुधा वेगळे असते. समोरासमोरच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या लांबीच्या नसतील, तर कोन बरोबर असूनही कोपरा जुळत नाही. म्हणून करवतीच्या चौकटीवर लाकडाचा ठोकळा अडसर म्हणून बसवावा आणि जोडीच्या दोन्ही बाजू त्याच अडसराला टेकवून कापाव्यात. चौकट जुळवल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात आहे. लाकडी पट्टीला फेविकॉल चालतो. प्लास्टिकच्या, म्हणजे सिंथेटिक पट्टीला तो धरत नाही, तिथे झटपट चिकटणारा गोंद लागतो. काच चौकटीच्या खाचेपेक्षा एक सूत लहान कापावी. घट्ट बसवलेली काच पुढे तडकते.

फोटो परत येत नाही

या धंद्यात माल आपला असतो, पण फोटो दुसऱ्याचा असतो. एखादी आजी पदराखालून आजोबांचा जुना फोटो काढून देते, तेव्हा तो जगात एकच असतो. काच फुटली तर नवी आणता येते. फोटो फाटला तर काय आणणार? म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत.

जुना फोटो हार्डबोर्डला गोंदाने कधीही चिकटवू नये. शक्य तर त्याची स्कॅन करून प्रत काढावी, प्रत मढवावी आणि मूळ फोटो पाकिटात घालून घरच्यांना परत द्यावा. मूळच मढवायचा असेल, तर फक्त वरच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्यांनी खळ लावून टांगावा. चारही बाजू चिकटवल्या की दमट हवेत कागद फुगतो आणि सुरकुततो. फोटो काचेला टेकू देऊ नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. मध्ये माउंट बोर्डाची चौकट घातली की हवेला जागा राहते. पाठीमागची फट कागदी टेपने बंद करावी, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावावेत, म्हणजे ओल्या भिंतीची ओल तसबिरीला लागत नाही.

काम घेताना पावती फाडावी. फोटोचे वर्णन, तो आधीच कुठे फाटला किंवा डागाळला आहे, माप, पट्टीचा नमुना, ठरलेली रक्कम, आगाऊ पैसे आणि देण्याची तारीख एवढे तिच्यात असावे. यामुळे भांडण होत नाही.

हिशेब : खरा आणि खोटा

आम्ही वाणिज्य शाखेचे आणि पेशाने कारकून, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. खालचे भाव केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातले भाव घालून पाहावेत.

१२ बाय १८ ची तसबीर. पट्टी सहा फूट, ३० रुपये फुटाने १८० रुपये. काच दीड चौरस फूट, ६० रुपये. हार्डबोर्ड ३० रुपये. चुका, हूक, गोंद, टेप १५ रुपये. माल झाला २८५ रुपयांचा. शेजारचा दुकानदार ३५० घेतो म्हणून आपणही ३५० घेतले, तर वाटते की ६५ रुपये सुटले. पण मोडतोड आणि वाया जाणारा माल शेकडा दहा धरला तर २९ रुपये गेले. वीज, बाजाराची फेरी, हत्यारांची झीज यांचे ३० रुपये गेले. हाती उरले ६ रुपये, आणि त्यासाठी पाऊण तास राबलो. हा धंदा नव्हे, फुकटची वेठ झाली.

आता नीट हिशेब करू. माल आणि मोडतोड मिळून ३१४ रुपये. तासाला १०० रुपये मजुरी धरून पाऊण तासाचे ७५. इतर खर्च ३०. एकूण ४१९. त्यावर शेकडा १५ नफा म्हणजे सुमारे ६३ रुपये. दर आला ४८२, म्हणजे ४८० रुपये. शेजाऱ्यापेक्षा दर जास्त का, असे गिऱ्हाईक विचारील. त्याला माउंट, मागची टेप आणि जुळलेला कोपरा दाखवावा. तरीही दर परवडत नसेल, तर कमी रुंदीची पट्टी सुचवावी. आपली मजुरी कापू नये.

बऱ्याच घरांत पट्टी नवरा कापतो, आणि काच पुसणे, माउंट लावणे, टेप मारणे, पावत्या ठेवणे ही कामे घरातली ताई किंवा वहिनी करते. तिच्या तासांची मजुरीही वहीत लिहावी आणि तिच्या नावे बँकेत भरावी. ‘घरचेच तर काम आहे’ म्हणून ती शून्य धरणे हा खोटा हिशेब आहे.

उधारीचेही तसेच. ‘दादा, आपल्याच माणसाकडून ॲडव्हान्स घेता होय?’ असे कोणी म्हणेल. हसून सांगावे की ‘आपल्याच माणसाचे काम आहे म्हणून तर पट्टी रोखीने आणली.’ निम्मे पैसे आधी, निम्मे तसबीर हातात देताना. हा नियम मंडळाच्या अध्यक्षालाही लागू असावा.

गिऱ्हाईक कधी येते

कामाचा हंगाम ओळखून माल भरावा. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, ११ एप्रिलची जोतीरावांची आणि १४ एप्रिलची बाबासाहेबांची जयंती, वैशाखी पौर्णिमा, अशोक विजयादशमी, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांच्या आधी तसबिरींना मागणी असते. संविधानाची उद्देशिका मढवून शाळा, कार्यालये आणि सत्कार समारंभांत भेट देण्याची चाल चांगली रुजली आहे. मधल्या महिन्यांत शाळांची प्रशस्तिपत्रके, लग्नाचे फोटो आणि निवृत्तीची मानपत्रे यांवर भर द्यावा. एक पथ्य पाळावे. हयात चित्रकाराने काढलेले चित्र मोबाईलवरून उतरवून छापून विकू नये. त्यावर त्याचा हक्क असतो.

कागदपत्रे आणि कर्ज

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि सरकार तिची फी घेत नाही. नुसत्या मालाची राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत, आणि सेवा असेल तर २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. घरगुती धंदा त्याच्या कितीतरी खाली असतो. पंतप्रधान मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चालू योजना विचारावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि हत्यारांची कोटेशने बरोबर न्यावीत. ‘कर्ज काढून देतो, आधी पैसे द्या’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. एक पट्टी आणि थोडी काच आणून आपल्याच घरातल्या दोन तसबिरी नव्याने मढवा. किती वेळ लागला आणि किती माल वाया गेला, ते लिहून ठेवा. त्या तसबिरी एक पावसाळा भिंतीवर राहू द्या. कोपरे उघडले नाहीत आणि आत ओल शिरली नाही, तर शेजाऱ्याचा फोटो हाती घ्यायला हरकत नाही.